ललिताबाईंची काचपट्टी

मी काचेची पट्टी बोलतेय. खिडकीची नव्हे, सूक्ष्मदर्शकाखालची. लांबी बोटाएवढी, पण माणसांच्या अतिशहाणपणाची मला पुरती ओळख आहे.

कारखान्यातून निघाले ती अकोल्याच्या एका लॅबमध्ये आले. बार्शीटाकळीच्या ललिताबाई, निवृत्त शिक्षिका. वर्षभर पाठ दुखायची, रक्त कमी भरायचं. शेवटी कमरेच्या हाडात सुई घालून आतल्या मज्जेचा तुकडा काढला आणि त्याचा पातळ काप माझ्या अंगावर चिकटवला. वरून रंग घातला. एक ठरावीक प्रथिन जिथे असेल तिथेच तो तपकिरी होतो. मी तर पार तपकिरी झाले!

त्या प्रथिनाच्या जोरावर कॅन्सरच्या पेशी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतात. उन्हाळ्यात नळाला मोटर लावून गल्लीचं पाणी ओढणारा शेजारी असतो ना, तसली जात. डॉक्टर ज्योत्स्ना यांनी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं: हाडातल्या मज्जेचा कॅन्सर, रक्तवाहिन्यांची भरपूर वाढ, ताबडतोब भेटा.

रिपोर्ट गेला मुलाच्या, धम्मदीपच्या मोबाइलवर. त्यानं आईला दाखवायचं सोडून राजापेठेतल्या मामांना गाठलं. पंजाबरावमामा म्हणजे खानदानातले सर्वज्ञ!

"अबे, रक्ताच्या नळ्या वाढून राहिल्या म्हंजे रक्तच वाढून राहिलं ना! डॉक्टर लोक उगाच भेव घालतात. ललिताले सांगू नको, हाय खाईन थे."

झालं! बाईंना सांगितलं, हाडं झिजलीत. आणि दोन महिने बीटचा रस पाजला. हे मला नंतर कळलं, डॉक्टरांच्या टेबलावर. तोवर बाईंचा मणका खचला होता, दोघांनी धरून आणलं होतं.

डॉक्टरांनी मला डब्यातून काढलं. म्हणाल्या, "बाई, तुम्हीच बघा."

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे तपकिरी काय हाय?"

"कॅन्सर. आणि या त्यानं वाढवलेल्या रक्तवाहिन्या. मी दोन महिन्यांपूर्वीच कळवलं होतं."

धम्मदीपची मान खाली. मामा पंख्याकडे बघायला लागले, जसा काही पंख्यानंच सल्ला दिला होता.

बाई रडल्या नाहीत. "तीस वर्षं लोकायच्या लेकरायले प्रगतिपुस्तकं वाटले म्या. नापास पोराच्याबी हातातच देल्लं. अन् माहंच तुमी मामा-भाच्यानं लपवलं? कावून?"

मग बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"मॅडम, इलाज कवापासून?"

"आजपासून. पण चालता येईल की नाही, आता सांगता येत नाही."

सध्या मी पुन्हा डब्यात आहे. रंग थोडा उडालाय. बाई इंजेक्शनांना चाकाच्या खुर्चीवर येतात. प्रत्येक रिपोर्ट आधी स्वतः वाचतात, मग मामांना फोन लावून मोठ्यानं वाचून दाखवतात. मला ते फार आवडतं.

माझं मागणं एवढंच. ज्याच्या हाडात सुई गेली, कागद त्याच्या हातात द्या. बीट तुम्ही प्या.