दोन सीटा बाकी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. मी गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं, "मंग स्पेशल जीप सांगायची ना?"

मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. 'सत्यशीला दिसल्याबिगर आत जायची न्हाई,' म्हणून ती हटून बसलेली. मी लवकर पोचावं म्हणून भावानं माझं आणि माझ्या लेकीचं, रेणूचं, विमानाचं तिकीट काढलं. त्याच दुपारी चारचं, औरंगाबादहून, स्वस्तातलं.

"स्पेशलचं भाडं तुमच्या दोन्ही तिकिटांहून जास्ती," हे म्हणाले. "उडायचं स्वस्तात अन् जमिनीवरून जायचं महागात? काळी-पिवळीनं जा."

भोकरदनच्या स्टँडवर इस्माईलभाईंची काळी-पिवळी जीप अकराला उभी होती. साडेबारालाही तिथंच.

"दोनच सीटा बाकी, भाभी. भरल्या की जल्दी निघू."

"भाई, विमान चारला सुटतं."

"तिकीट काढलेलं माणूस सोडून कोण जातं? बिलकुल फिकर करू नका."

रेणूच्या मुठीत चिवड्याची पुडी होती, विमानाच्या ड्रायव्हरकाकांसाठी. घामानं कागद मऊ पडला तरी तिनं ती सोडली नाही.

पावणेदोनला मिरचीचं एक पोतं आलं. त्याला दोन सीटा लागल्या आणि आम्ही निघालो. पुढं प्रत्येक फाट्यावर कुणी उतरलं, कुणी चढलं. शहरातून रिक्षा करून विमानतळाच्या दारात पोचलो, तेव्हा चारला पाच कमी होते. "आता आत सोडता येत नाही, ताई," पहारेकरी म्हणाला. थोड्या वेळानं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. रेणूनं त्याला हात केला.

बूथवरून भावाला फोन लावला. "काल रात्री जालन्याहून रेल्वेत बसली असतीस, तर आत्ता इथं असतीस," तो म्हणाला. मंग त्यानं आईला फोन दिला.

"कुठवर आलीस गं?"

"निघालेच," मी म्हणाले.

रात्रीची गाडी सकाळी सातला पोचणार होती. आईला आत नेणार होते, तेही सातलाच. स्टेशनच्या बाकावर रेणू माझ्या मांडीवर टेकली. पुडी अजून मुठीतच.

"आई, आपल्या दोन सीटा बाकी होत्या ना? मंग विमान कसं निघालं?"