पाणी तापलं तरी

नरसी गावच्या मुंजाजीच्या घरातला मायक्रोवेव्ह काल संध्याकाळपासून नुसता घुंई करत होता. आत दिवा लागायचा, ताटली फिरायची, अन्न मात्र गारच्या गार. आणि ते कळल्यावर आज दुपारी लेक प्रियदर्शनी गाडी घेऊन येणार होती, आईला कायमचं संभाजीनगरला न्यायला.

लकव्यानं मुंजाजीच्या बायकोचा, भिकाबाईचा उजवा हात गेला, तेव्हापासून तिची गॅसजवळ जायची सोय उरली नव्हती. मुंजाजी रानात गेला की घरात ती एकटी. डाव्या हातानं बटण दाबून तिला वरण-भात ऊन करून घेता येतो, एवढ्याच गोष्टीवर लेकीनं तिला इथं राहू दिलं होतं. देवळातलं कीर्तन खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येणारं हे घर सोडायचं म्हटलं की भिकाबाईला घास गिळवत नसे.

"पांडुरंगा, एक डाव चालू कर रे बाबा," म्हणत मुंजाजीनं प्लग उपसला, स्क्रू काढले आणि वरचा पत्रा उचलून ठेवला. आत कुठं काय असतं, त्याला काय ठाऊक! पण नांगर असो की पाण्याची मोटर, कामाआधी तिला हात लावून तो कपाळाला लावायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं डोळे मिटले आणि उघड्या मशीनच्या पोटात हात नेला.

"मामा, हात मागं!"

निरोप मिळताच हिंगोलीहून आलेला दुरुस्तीवाला अन्सार दारातून धावला. त्यानं मुंजाजीला दंड धरून मागं ओढलं.

"अरे, प्लग काढलाय की!"

"काढला तरी ह्या डब्यात वीज धरून राहती. बघा." अन्सारनं जाड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर टेकवला. फट्ट! निळी ठिणगी उडाली. "पाया पडायला गेलात, ते सरळ पांडुरंगापाशीच पोचले असते."

कुणी हसलं नाही. भिकाबाई खाटेवर अर्धी उठून बसली होती.

अन्सारनं एकेक वायर सोडून मीटर लावला. "कपॅसिटर बराबर हाये. डायोड बी. मॅग्नेट्रॉन गेलाय, मामा. अन्न तापवनारा पार्ट तोच." त्यानं पिशवीतून तसाच, जुन्या मशीनचा काढलेला पार्ट जोखून पाहिला, बसवला, पत्रा लावून सगळे स्क्रू आवळले. "पत्रा लावल्याबिगर चालू करायचं न्हाई. कधीच न्हाई."

पाण्याचा काचेचा कप आत ठेवला, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. प्रियदर्शनी दारातच उभी राहिली. मुंजाजीचे ओठ हलत होते, "विठ्ठल, विठ्ठल."

मशीन थांबलं. कपातून वाफ निघाली.

"पोरी, बघ! तापलं!" कप घेऊन मुंजाजी लेकीपुढं गेला. "आता काहून नेतीस तिला?"

लेकीनं आईकडं पाहिलं.

"माझी लुगडी भर, बाई," भिकाबाई म्हणाली.

"अगं, चालू झालं न्हवं!"

"व्हय, झालं. आन उद्या पुन्यांदा बंद पडलं तर? माझ्यापायी तुमी पुन्यांदा हात घालताल. अन्सार काय रोज दारात उभा ऱ्हातो? मला तुमी जित्ते पाहिजेत. लांब का व्हईना."

"न्हाई घालनार. गळ्यातल्या माळेची आन!"

"डोळे मिटले की तुमाला आन आठवती व्हय?"

प्रियदर्शनी आत बॅग भरायला गेली. कपाचा चटका बोटांना बसत होता, पण मुंजाजी कप खाली ठेवीना.