राब भाजल्याचा पुरावा

टेपचं दुसरं टोक तुळशीरामने पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं आणि दिशा टेप ओढत उलट्या पावलांनी बांधापर्यंत गेली. वैशाखाचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. मोजायला फार काही नव्हतं. भाताची रोपं काढायचा एवढासा तुकडा, गुंठाभरसुद्धा नाही. पण पोरीने तो तीनदा मोजला, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, तेव्हा तिने मधला टॅबमध्ये भरला.

धुराची पाहणी करणाऱ्या संस्थेची ही मुलगी कल्याणहून स्कूटीवर यायची. दिघाशीतली चाळीस घरं तिने पंधरा दिवसांत उरकली होती. तुळशीरामचं घर गावाच्या टोकाला ओहोळाजवळ, म्हणून शेवटी.

"काका, शेतातला कचरा शेवटचा कधी जाळलात?"

"कचरा? कंचा कचरा?"

"म्हणजे राब. फॉर्ममध्ये तसं लिहिलंय."

"राब म्हंजे कचरा न्हाय, बाय." तुळशीराम उकिडवा बसला आणि बोटाने मातीत थर दाखवू लागला. "खाली शेनाच्या गोवऱ्या. त्यावर कवळ, म्हंजे झाडाच्या तोडलेल्या फांद्या. मंग पातेरा, वाळला पाला. वरून माती दाबायची आन् वाऱ्याच्या उलट बाजूनं इस्तव लावायचा. जमीन सावकाश भाजली पायजे. तन मरतं, रोपं हलक्या हातानं उपटून येतात. कचरा लोकं उकिरड्यावर टाकतात."

दिशाने मान हलवली. फॉर्म मात्र हलला नाही. तिथे अजून कचराच होता.

"बरं, राब. गेल्या वर्षी कधी भाजलात?"

"न्हाय भाजला."

"त्याच्या आधी?"

"तवापन न्हाय. तीन सालं झाली. घरवाली कमळा गेली तवापास्नं." तो उठला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "राब एकट्यादुकट्याचं काम न्हाय. एकानं इस्तव लावायचा, दुसऱ्यानं ओला टाहाळ, पानांची फांदी, घेऊन वाऱ्याकडं बघायचं. मी आता रोपं शेजारच्या राहीबाईकडनं आनतो. तिची उरतात."

दिशाचं बोट टॅबवर अडकलं. तिने पुढे जायचं बटण दोनदा दाबून पाहिलं.

"मग अवघड आहे, काका. तुम्ही राब सोडला तर तेवढा धूर वाचला असं धरतात. पण तुम्ही भाजतच नसाल, तर वाचलं काय?"

तुळशीराम खो खो हसला. असं मोकळं हसायला त्याला बऱ्याच दिवसांत कुणी समोर मिळालं नव्हतं. "म्हंजे दारू सोडली त्याला देवळात नारळ. जो पितच न्हाय, त्यानं काय करायचं? आधी गुत्त्यावर जायचं?"

दिशालाही हसू आलं, आणि लगेच तिने ते आवरलं. घर टोकाला असलं तरी त्याची जमीन यादीतल्या शेतांच्या बरोबर मधोमध होती. सलग पट्टा हवा, अशी वरची अट. हा तुकडा गळला तर पट्टा मधोमध तुटत होता.

गावाचं नाव सुचवलं होतं कुमारने, तुळशीरामच्या मुलाने. राहनाळच्या एका परदेशी कंपनीच्या गोडाऊनमध्ये तो सुपरवायझर. कंपनीला आपल्या धुराच्या बदल्यात कुठला तरी धूर, म्हणजे कार्बन, कमी झालेला दाखवायचा होता, तेव्हा साहेबांपुढे हा पुढे होऊन म्हणाला होता, माझं गाव आहे ना. आता त्याच्याच बापाचं घर आडवं आलं.

दिशाने कुमारला फोन लावला, थोडं बोलली आणि फोन तुळशीरामकडे दिला.

"बाबा, ऐक. एकदा राब भाजायचा. फक्त फोटोपुरता. मग सोडला म्हणून सही. टेन्शन नको घेऊ, मी रविवारी येतो."

राहनाळ काही सातासमुद्रापार नाही. मोटरसायकलवर पाऊण तास. पण शिफ्ट, ड्युटी, सुनेची नोकरी, नातवाचा क्लास. कुमार दिवाळीला येऊन गेला होता तो गेलाच. फोनवर पुढेही बरंच काही तो सांगत होता, साहेब काय म्हणाले, फॉर्म कुठे अडला. तुळशीरामने त्यातले दोनच शब्द घेतले. मी येतो.

त्याने तीन दिवस एकट्याने पातेरा गोळा केला. झाडावर चढून कवळ तोडायचं वय राहिलं नव्हतं, तेव्हा खालून हाताला येईल तेवढंच तोडलं. गोवऱ्यांचा प्रश्न होता. घरामागच्या पडवीत कमळाने थापलेल्या गोवऱ्या तीन वर्षं तशाच रचून होत्या. प्रत्येकीवर तिच्या पाच बोटांचे ठसे. पावसाळ्यात चूल धुमसायची, तो ओली लाकडं फुंकत बसायचा, पण त्या रचलेल्या गोवऱ्यांना त्याने हात लावला नव्हता. शनिवारी त्याने अर्ध्या काढल्या.

रविवारी कुमार खरंच आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात बूट. बांधावर आल्यावर त्याने बूट काढले, पँट दुमडली, आणि तुळशीरामने गोवऱ्यांची पाटी त्याच्याकडे सरकवली. पोरगा तसाच होता. गोवऱ्या मांडताना डावा पाय पुढे टाकून बसायची सवयसुद्धा आईचीच.

दिशा सावलीत उभी राहून फोटो काढत होती. प्रत्येक थराचा एक.

"हा कार्बनचा धंदा मना ठाव हाय," तुळशीराम फांद्या पसरत म्हणाला. "ग्रामपंचायतीत शिपाई होतो. पावतीखाली कार्बन घालायचो. वर लिवनारा मोकळा, हात काळे खालच्याचे."

"तो कार्बन वेगळा, बाबा."

"वेगळा कसा? तुजं मोठं साहेब परदेशातनं गाव बघाया येनार ते कशानं?"

"विमानानं."

"इमान धूर सोडत न्हाय?"

"सोडतं ना. तेवढा आपण इथं कमी करायचा. म्हणजे त्यांचं बरोबर होतं."

"म्हंजे जेवायचं त्यांनी आन् उपास धरायचा आपण." तुळशीरामने पातेऱ्याची पाटी उपडी केली. "दोन-दोनशे वर्सं भट्ट्या पेटवल्या म्हनतात त्यांनी. आता करून करून भागला आन् देवपूजेला लागला. आन् ती पूजा पन माज्याच वावरात!"

कुमार हातातली माती तशीच धरून बसला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. "बरोबर हाय तुझं. पण उन्हाळा काय कुणाची चूक बघून येतो? गेल्या मे महिन्यात माझ्या शिफ्टला दोन माणसं चक्कर येऊन पडली. पत्र्याखाली. एक अजून उभा राहिला नाय नीट. साहेबांच्या देशात नाय पडलं कुणी. आपलीच पडली. मग कुणीतरी थांबायला पायजे ना?"

"थांबायला न्हाय कोन म्हनतो? मी तर तीन सालं थांबलेलोच हाय. ते तुमच्या फॉर्मात बसत न्हाय."

कुमारने दिशाकडे पाहिलं.

"कॉलेजला असताना वादविवाद स्पर्धेत मी यावरच बोलले होते," दिशा म्हणाली. "श्रीमंत देश कसे दुटप्पी आहेत. पहिला नंबर आला होता."

"आन् आता?"

"आता नोकरी आहे, काका."

ती खाली वाकून चप्पल नीट करू लागली. चपलेला काही झालेलं नव्हतं.

माती दाबून झाली. तुळशीरामने काडी ओढली. कुमार ओला टाहाळ घेऊन उभा राहिला, हाताची बोटं थुंकीने ओली करून वर धरली आणि ओरडला, "बाबा, वारा ओहोळाकडनं हाय! ओहोळाच्या उलट टोकानं लाव!" हे त्याला कुणी आठवण करून द्यावं लागलं नाही. धूर आधी जमिनीलगत सरपटला, मग पांढरा दाट होऊन वर चढला. राहीबाईच्या ओहोळाअलीकडच्या गवताच्या गंजीकडे एक ठिणगी उडाली, तर कुमार धावला आणि टाहाळाने तिला झोडपून परत आला, खोकत, हसत, डोळे लाल. तुळशीराम त्याच्याकडे बघत राहिला. राब पेटलाय, बाजूला माणूस उभा आहे; आयुष्यात याहून जास्त त्याला काही हवं नव्हतं, आणि हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

ओहोळापलीकडून राहीबाईची हाक आली, "तुळशीराम, धूर दिसला रं! माणूस आलं वाटतं घरी?"

"आला! कुमार आला!" त्याने गरजेपेक्षा मोठ्याने सांगितलं.

पडवीत चहा झाला. दिशाने टॅब पुढे केला आणि वाचून दाखवलं. यापुढे दहा वर्षं मी राब भाजणार नाही. रोपं जमीन न भाजता, मातीच्या उंच गादीवाफ्यावर काढीन.

"गादीवाफ्याला किती माणसं लागतात?" तुळशीरामने विचारलं.

"एकटा माणूस करू शकतो, काका. तेच तर सोपं आहे."

"मंग पुढच्या साली तू येनार न्हायस," तो कुमारला म्हणाला.

"येईन ना. पण या कामाला कशाला? आता काय राबच नाय." कुमार बूट घालत होता. दोन वाजता त्याची ड्युटी होती.

तुळशीरामने बोट पुढे केलं आणि तसंच हवेत धरलं. "आन् कुनी भाजला, तर तुमाला कसं कळतं?"

"उपग्रहावरून दिसतं," दिशा म्हणाली. "धूर दिसला की त्याच दिवशी आमच्याकडे निरोप येतो."

"मंग तू येतेस?"

"मी कदाचित नसेन तोवर. गावासाठी जबाबदार म्हणून कुमारदादांचं नाव दिलंय."

"म्हणजे फोन मलाच," कुमार नाडी आवळत म्हणाला. "सगळी कामं टाकून मलाच धावत यावं लागेल. तेव्हा बाबा, प्लीज, तसलं काही करू नको."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

तुळशीरामने सही केली. बोटाने काचेवर नाव उमटायला वेळ लागला, पण त्याने काना-मात्रा न चुकवता पूर्ण नाव लिहिलं. कुमारने त्याच्या पाठीवर थाप मारली, साहेबांना तिथूनच मेसेज टाकला, आणि मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली. तिच्यामागे स्कूटीही गेली.

संध्याकाळी राहीबाई राब बघायला आली. तो अजून धुमसत होता. तिने त्यातून निघणारी धग पायाला लागते का पाहिली, चांगला भाजलाय म्हणाली, आणि मग पडवीकडे मान वळवली.

"आता सोडलास म्हनं. गावभर झालंय. मंग त्या उरलेल्या गोवऱ्या मना दे. चुलीला होतील. तुला आता काय करायच्यात?"

या बाईने तीन वर्षं त्याला रोपं दिली होती. तिने मागावं आणि त्याने नाही म्हणावं असं कधी झालं नव्हतं. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकचा मोठा कागद होता. तो त्याने गोवऱ्यांवर पसरला, पावसाचा थेंब आत जाऊ नये असा चारी बाजूंनी खोचला आणि वर दगड ठेवले.

"लाकडं ने पायजेत तेवढी," तो म्हणाला. "ह्या ऱ्हाऊ दे पुढच्या वैशाखाला."