ओब्रादकाकांच्या इंजिनाची थडथड

इंजिनाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. सर्बियातल्या वाल्येवो गावात माझं गॅरेज तीस वर्षं चालू आहे, आणि ओब्रादकाकांची मागे इंजिन असलेली इवलीशी पांढरी गाडी माझी सगळ्यांत लाडकी. आजारपणानंतर काकांनी ती जूनमध्ये पुन्हा बाहेर काढली, तेव्हा मात्र तिनं माझी पार अब्रू घालवली.

धावताना ठीक, पण उभी केली की थडथडायची. आता बंद पडते की मग, असं वाटायचं. शनिवारी काकांच्या नातीचं, नेवेनाचं लग्न होतं. तिला चर्चला याच गाडीतून न्यायचं, हे काकांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं. पण गुरुवारपर्यंत गाडी सुधारली नाही तर त्यांचा मुलगा मोठी काळी गाडी भाड्यानं आणणार होता. एवढं सांगून काका टोपी हातात घेऊन नुसते बसून राहिले.

सोमवारी मी प्लग बदलले. मंगळवारी कार्बोरेटर धुतला. बुधवारी हवेचा एक चिरलेला पाईप सापडला, तोही बदलला. दर वेळी इंजिन सुतासारखं सरळ व्हायचं, काका खूश होऊन घरी जायचे आणि सकाळी पुन्हा थडथडत माझ्या दारात. माझ्या हाताला गुण उरला नाही, असं ते चारचौघांत म्हणाले. मला झोंबलं.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरीच गेलो. स्तामेनाकाकूंनी कॉफी दिली. काकांनी चावी फिरवली, इंजिन एकदम झकास. गाडी फाटकाबाहेर पडली तशी काकू बादली घेऊन धावल्या आणि अख्खं बादलीभर पाणी गाडीमागे भिरकावलं. कुणी कामाला निघालं की आमच्याकडे मागे पाणी सांडतातच, काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. पण ते ग्लासभर, आणि जमिनीवर. हे पाणी मागच्या झाकणाच्या फटींतून थेट इंजिनावर गेलं. कोपऱ्यावर गाडी थांबताच थडथड सुरू झाली. म्हणजे रोज सकाळी प्लगच्या तारा भिजत होत्या, माझ्या गॅरेजात वाळत होत्या आणि श्रेय मी घेत होतो.

मी चिडलोच. "काकू, ग्लासभर पाण्यानं भागत नाही का?"

"भागायचं," त्या बादली उपडी करत म्हणाल्या. "मार्चमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला ना, त्या दिवशी ग्लासभरच टाकलं होतं."

मी तडक निघालो. कोपऱ्यावर काकांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"तिला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "इंजिनावर काय पांघरायचं ते पांघर."

मी जुनी ट्यूब कापून तारांवर घट्ट रबर बसवलं. दुपारी मुलाला इंजिन ऐकवलं. त्यानं मुकाट्यानं काळी गाडी रद्द केली.

शनिवारी नेवेना मागे बसली. गाडी निघाली, काकूंनी बादली रिकामी केली आणि गाडी थांबली. पण इंजिन चालूच होतं. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"स्तामेना, ही बादली माझी झाली," ते म्हणाले. "पोरीची राहिली."

काकू डोळे पुसत आत गेल्या. त्या भरलेली बादली घेऊन येईपर्यंत गाडी तिथेच उभी होती, जराही न थडथडता.