दगडावर आधी काय

"आधी जे येतं ना बेशीर, वाचणाऱ्याच्या काळजावर तेच बसतं. मागचं सगळं त्याच्या सावलीत. म्हणून आधीचं जपून कोर."

आजोबांना जाऊन किती काळ लोटला, पण हा आवाज बेशीरच्या कानातून गेला नाही. महदिया गावाच्या किनाऱ्यावर, कबरींच्या उतारावर त्याने कोरलेले दगड पांढऱ्या पाखरांसारखे समुद्राकडे तोंड करून बसले होते. सगळ्यांवर आधी नाव, मग बापाचं नाव, मग गेल्याचं साल.

नवऱ्याच्या कबरीसाठी दगड कोरून घ्यायला आलेली मन्नाना मात्र अडून बसली होती. "'परतला' आधी घाल. 'परतला घरी, सालेह, अमोरचा मुलगा.' असंच."

तिचा दीर हमदा वैतागला. "असं कुठं लिहितात का, वहिनी? माणूस आधी, त्याचं येणं-जाणं मागून! लोक हसतील."

"हसू देत. इतकी वर्षं हसलेच की. 'मासळी धरायला गेला अन् स्वतःच कुणाच्या तरी गळाला लागला', हे कोण म्हणायचं, भावजी?"

हमदाने मान खाली घातली. समुद्रापार गेलेला त्याचा भाऊ उतारवयात, आजारी होऊन घरी आला आणि बायकोच्या मांडीवर गेला. तेव्हापासून तिच्यावर हसणाऱ्या बायकाच तिला बसायला आधी जागा देऊ लागल्या. शेवटी आला ना हिच्याकडेच, म्हणू लागल्या.

बेशीरने कोळशाने अक्षरं मांडली. छिन्नी लावण्याआधी मजकूर घरच्यांना मोठ्याने ऐकवायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. कोळसा पुसता येतो, कोरलेलं नाही.

तो उभा राहिला. घसा साफ केला.

"परतला घरी..."

डोक्यावरून घेतलेल्या चादरीची मन्नानाने दातांत धरलेली कड सुटली. "थांब."

"बघा वहिनी, मी म्हणतच होतो..." हमदा पुढे सरसावला.

"तुम्हीही थांबा, भावजी."

ती दगडापाशी बसली. पहिल्या शब्दावर तिने तळवा ठेवला आणि हळूहळू फिरवत राहिली, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. तळवा काळा झाला, दगड पांढरा.

"नावच येऊ दे आधी," ती म्हणाली. "परतला नव्हता तो. आणला मी. दुसरीच्या दारातून, हाताला धरून. नाही म्हणायचीसुद्धा ताकद उरली नव्हती त्याच्यात."