जड माणूस मागे

गाठ काळी, बारीक, आणि तिची दोन्ही टोकं ताठ उभी. अशा आठ गाठी. कानामागून वर चढणाऱ्या ओळीत पाच, आणि त्या ओळीला आडव्या, पार टाळूच्या जवळ, तीन. भोवतीचे केस भादरलेले. शैलाने कापसाचा बोळा औषधात बुडवला आणि पहिल्या गाठीवर टेकवला. विनायक 'स्स' करून ताठ झाला. तिने बोळा उचलला नाही. आणखी दाबला... एक, दोन, तीन म्हणेपर्यंत... आणि मग पुढच्या गाठीकडे गेली.

"हळू गं," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला. "खडकाने फोडलं तेवढं पुरे आहे."

खडक! थायलंडहून कलकत्त्याला परत आल्याला दहा दिवस झाले, आणि हा मेला खडक घरात पाहुणा म्हणून राहायला आल्यासारखा झालाय. बँकेत खडक, शेजारच्या घोषबाबूंकडे खडक, महाराष्ट्र मंडळात खडक. खडकबिडक काही नव्हता. मी होते. माझ्या हातातलं वल्हं होतं, आणि ते मी दोनदा मारलं. हे मला माहीत आहे. त्याला माहीत आहे की नाही एवढंच कळत नाही — आणि आज संध्याकाळी टाके निघाले, केस वाढले, की ते कधीच कळायचं नाही.

फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव. विनायकचा आवाज लगेच खुलला.

"अहो श्यामराव, काय सांगू! लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नूपुरने बंगळुरूहून परस्पर सगळं बुक करून टाकलं. दोघांची नाव असते, कयाक म्हणतात. गाइडने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, जड माणूस मागे! आता तुम्हीच सांगा, मागे कोण बसलं असेल!"

श्यामरावांचं खो खो हसणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. शैला चहाचा कप घेऊन आली, तो त्याच्यासमोर ठेवला आणि खुर्चीला वळसा घालून परत निघाली. इथे, नेमकी याच जागी, टपली यायची. फोन चालू असला तरी यायची. डाव्या हाताची दोन बोटं उठायची आणि टप्प करून तिच्या डोक्यात बसायची — साखर कमी आहे, किंवा जास्त आहे, किंवा काहीच नाही, सहज. आज आली नाही. दहा दिवसांत एकदाही आलेली नाही. डोकं दुखतंय म्हणून? की...

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहिली बसली. आमटीत मीठ विसरली होती, सासूबाई समोर होत्या, नणंदा होत्या, आणि त्याने टपली मारून म्हटलं, "आत काही आहे का बघतो हं, वाजतंय तर पोकळ!" सगळे हसले. तीही हसली, हसायचंच असतं. मग नागपूर, भोपाळ, गुवाहाटी, कलकत्ता — बँकेने जिथे जिथे बदली केली तिथे तिथे भांड्यांच्या खोक्यांबरोबर टपलीही आली. लागायची नाही. तेच तर! लागली असती, वळ उठला असता, तर कुणाला दाखवता तरी आलं असतं. आईला एकदा सांगितलं तर आई म्हणाली, "लाडाने करतो गं, तू पण अगदीच मनाला लावून घेतेस." पन्नाशी उलटलेल्या बाईच्या डोक्यात चारचौघांत लाडाने मारायचं, आणि तिने लाजून पदर सावरायचा. अंगाचा भडका उडायचा. पोळ्या लाटताना लाटण्याकडे बघत बसायची ती कधी कधी, आणि मग तव्यावरची पोळी करपायची.

नूपुर चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. गुवाहाटीला घरी पाहुणे होते. पोर कोचावर चढली, आणि बापासारखीच दोन बोटं जोडून तिने आईच्या डोक्यात टप्प केलं. हशा पिकला. आणि शैलाने तिच्या अशी कानाखाली वाजवली की पाच बोटं उठली गालावर, पोर कोचावरून खाली पडली. पाहुणे गेल्यावर विनायक थरथरत उभा राहिला. "पोरीवर हात उगारतेस? जनावर आहेस का तू?" जनावर. असेन. तो हात कुणासाठी उठला होता, ते त्या पोरीला या जन्मात कळणार नाही.

अकराच्या सुमाराला ती लेक मार्केटला गेली. नेहमीचा मासेवाला पाय दुमडून बसला होता, पुढ्यात त्यांची ती उभ्या पात्याची विळी, विळीपेक्षा तलवारच म्हणायची. टबातला एक कातला त्याने शेपटीला धरून बाहेर ओढला. मासा उसळला, पाणी तिच्या साडीवर उडालं. मासेवाल्याने लाकडी दांडका उचलून त्याच्या डोक्यात हाणला. मासा तरी हलतच होता. तोंड उघडझाप करत होता, काहीतरी विचारत असल्यासारखा. मासेवाल्याने दुसरा हाणला.

"बौदी, माथाटा आलादा कोरे देबो?"

डोकं वेगळं करून देऊ का वहिनी, असं तो विचारत होता. तिने मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही...

पाणी हिरवं होतं. इतकं स्वच्छ, की नावेची सावली खाली वाळूवर आमच्याबरोबर सरकताना दिसत होती. उजवीकडे चुनखडीचा कडा उभाच्या उभा, मध्येच पोट सुटल्यासारखा समुद्रावर ओणवलेला, त्याच्या बेचक्यांतून झाडं लोंबत होती. मी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि समोर, हातभर अंतरावर, त्याचं डोकं. त्यापलीकडे समुद्र. पंचवीस वर्षांत मी कधी त्याच्या डोक्याकडे एवढा वेळ पाहिलं नव्हतं. तोच माझ्या डोक्याकडे बघायचा. "लेफ्ट! लेफ्ट म्हटलं ना! अगं डावा हात कुठला तो माहीत आहे का?" मागे वळूनसुद्धा न बघता तो ओरडत होता. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की नाव त्याच्या ओरडण्याने वळतच नाही. मागे बसलेला वळवतो. मी वल्हं जरा असं धरलं की नाव कड्याकडे, तसं धरलं की समुद्राकडे. मी दोन-तीनदा करून पाहिलं. त्याला वाटत होतं, तोच नेतोय! मला हसू फुटलं — खरंखुरं, पोटातून, कितीतरी वर्षांनी.

ते त्याने ऐकलं. हातातलं ओलं वल्हं त्याने खांद्यावरून मागे घेतलं आणि त्याचं पातं माझ्या डोक्यात आपटलं. टप्प. "लक्ष कुठंय?" खारं पाणी डोळ्यांत उतरलं, डोळे झोंबले, काही दिसेना. शेजारून दोन परदेशी मुली त्यांच्या नावेतून चालल्या होत्या, त्या खिदळल्या, हात हलवला, आणि कड्याच्या वळणाआड गेल्या. गाइड केव्हाच पुढे गेला होता. त्या ओणवलेल्या दगडाखाली आम्ही दोघंच राहिलो.

पहिला फटका कसा बसला मला माहीत नाही. शपथेवर सांगते, माहीत नाही. हातच गेला. तो पुढे कोलमडला, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून, आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला, "खडक? शैला, खडक लागला का गं?"

मी म्हटलं, "हो."

हो म्हटलं... श्वास घेतला... वल्हं हातात फिरवलं, पात्याची कड खाली येईल असं... नेम धरला... आणि मग दुसरा मारला.

त्यानंतर तो बोलला नाही. वाकून पडून राहिला. रक्त त्याच्या मानेवरून, जाकिटावरून, नावेच्या काठावरून पाण्यात ठिबकत होतं, आणि बोटभर मासे वर येऊन ते चाखून जात होते. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवून बघत बसले. किती वेळ? दोन मिनिटं, दहा... वारा पडला होता. मला फार बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं? मग केव्हातरी जाकिटाला बांधलेली शिट्टी तोंडात धरून मी फुंकत सुटले, घसा फाटेपर्यंत.

"बौदी?" मासेवाल्याने पिशवी पुढे केली. पिशवी कोमट होती.

दुपारी नूपुरचा फोन आला. कलकत्त्याच्या शाळेत वाढली, बंगळुरूला नोकरी करते. तिचं मराठी हिंदीच्या काठाकाठाने चालतं.

"आई, आज बाबांचे टाके निघणार ना? तू ठीक आहेस ना पण? तू बोलतच नाहीस काही."

"मला काय धाड भरलीय!"

"बाबा म्हणाले, तू शिट्टी नसती मारली तर ते गेलेच होते. म्हणाले, तुझ्या आईने वाचवलं मला. दोनदा म्हणाले. रडत होते थोडे."

शैलाने फोन दुसऱ्या कानाला लावला. रडत होता? हा? सासूबाई गेल्या तेव्हा याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. वाचवलं म्हणे! म्हणजे माहीत नाही. माहीतच नाही, म्हणजे मारलंच नाही; पंचवीस वर्षांत एकदा हात उचलला आणि तोही एका दगडाच्या नावावर गेला. तिला वाटलं, आत्ता उठावं, बँकेत जावं, त्याच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर त्याची भादरलेली कवटी धरावी आणि ती टेबलावर आपटत सांगावं — मी, मी, मी! "आई?" नूपुर म्हणत होती. "ऐकतेयस ना?"

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना एस्प्लनेडला, त्याच्या बँकेपासून दोन गल्ल्या पुढे. साडेसहाला ती तिथे पोचली तेव्हा विनायक स्टुलावर मान खाली घालून बसला होता. डॉक्टरीणबाई वयस्कर, जाड चष्म्याच्या. चिमट्याने गाठ उचलायची, कात्रीने कट् करायचं, दोरा ओढायचा. पाच निघाल्या. सहाव्या गाठीपाशी त्या थांबल्या, दिवा जवळ ओढला, चष्मा वर केला.

"ये वाला पत्थर का है, मान लिया," त्या म्हणाल्या. "लेकिन ये दूसरा? ये तो पीछे से लगा है। ऊपर से। पत्थर पीछे कैसे आया, दादा?"

शैलाला त्याची फक्त मान दिसत होती. मानेची शीर उडत होती. बाहेर एस्प्लनेडचे फेरीवाले ओरडत होते, बस करकचून थांबत होती, आणि आत डॉक्टरीणबाईंनी चिमटा ट्रेवर ठेवला.

"मिसेस पीछे थीं," तो अखेर म्हणाला. वळला नाही. "उन्होंने देखा है। उनसे पूछिए।"

माहीत आहे. याला माहीत आहे! पहिल्या दिवसापासून, त्या 'हो'पासून माहीत आहे.

"मैंने मारा," शैला म्हणाली. आवाज कुठेही कापला नाही. "चप्पू से। दो बार। दूसरा सोच के मारा।"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं — एक क्षण, दोन क्षण — आणि त्या खळखळून हसल्या. "बहोत अच्छा किया! मेरे पति जब तक थे, मेरा भी रोज़ मन करता था।" नर्स हसली. विनायकही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, खांदे गदगदेपर्यंत. फक्त स्टुलाच्या कडेवरची त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. अन् शैला तशीच उभी राहिली. जी गोष्ट कबूल करायला दहा दिवस जिभेला कुलूप होतं ती या तिघांनी मिळून चुटका करून टाकली होती. हसण्यात सगळं पचतं. टपली पचली, आता हेही पचलं. कट्, कट्, उरलेल्या गाठी निघाल्या.

टॅक्सीत दोघं दोन खिडक्यांना. मग रोज सकाळी हा काय करत होता? सगळं ठाऊक असून उघडी जखम माझ्या हातात देऊन पेपर वाचत बसत होता! माफी म्हणून? की 'आता मार बघू' म्हणून? की मी पुन्हा मारणार नाही अशी त्याला खात्रीच होती, या बाईत तेवढा दम नाही म्हणून... तिने ओठ चावला, आणि तोंडात रक्ताची चव आली.

इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद. चौथा मजला. पंचवीस वर्षं, चार शहरांतल्या चार जिन्यांवर, तो पुढे आणि ती पिशव्या घेऊन मागे, असंच चालत आलेलं. विनायक पहिल्या पायरीपाशी थांबला, कठड्याला हात लावून.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

ती चढली. सहा पायऱ्या, सात, आठ. तिच्या टाळूची सगळी कातडी जागी झाली, मानेवरचा केस न् केस उभा राहिला. मागे त्याचे बूट वाजत होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. असं वाटतं होय, पुढे चालताना? पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि वळली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

"अगं, हो ना तू."

"तुम्ही व्हा."

दोघंही हलेनात. वरून कुठूनतरी मोहरीच्या तेलातल्या फोडणीचा वास आला, कुणाच्या तरी घरात टीव्ही ओरडत होता. तो दोन पायऱ्या खाली उभा होता, म्हणून त्याचं तोंड वर झालं होतं आणि जिन्यातला दिवा त्याच्या डोळ्यांत पडला होता. त्या डोळ्यांत भीती होती. साधी, उघडी भीती. तिने स्वतःमध्ये दया शोधून पाहिली. लाज शोधली, पश्चात्ताप शोधला — दहा दिवस शोधतच होती — आणि आता शोधणं सोडून दिलं. ती पुन्हा हात उचलणार नव्हती. हे तिला स्वच्छ कळलं, इतकं स्वच्छ की तिचा श्वास एकदम मोकळा झाला. फक्त ते त्याला सांगायची तिला मुळीच इच्छा नव्हती.