बिनहाडाचा तुकडा

आज पहाटे तुकडा फाटला! शिजवलेलं मटण बोटांनी सोडवताना जसं तंतूतंतूने सुटतं, अगदी तसा. मी मागच्या खोलीत एकटीच नाचले. मटणासारखा तुकडा करायला जावं, तर आजवर वाटाण्याच्या पिठाचा एकतर लगदा व्हायचा, नाहीतर चप्पल. नवरा बिचारा दोन्ही गुपचूप गिळायचा.

पण खरी परीक्षा पुढच्या खोलीत होती. तिथे आमचं मटणाचं दुकान, आणि दुकानात माझे सासरे. "वाटाण्याला मटणाच्या मांडीला मांडी लावून बसवू?" असं म्हणत त्यांनी वर्षभर नाक मुरडलं. मीही चिवट. शेवटी काल तेच वैतागले. "उद्या एक दिवस ठेव, सूनबाई. माझ्या एका तरी जुन्या गिऱ्हाइकानं घेतलं, तर काचेच्या पेटीत जागा तुझी. नाही घेतलं, तर हा विषय कायमचा बंद. आणि मी त्याला हात लावणार नाही!"

सकाळपासून माझा ट्रे वजनकाट्याशेजारी अंग चोरून बसला होता. लोक वाकून बघत, हसत आणि नेहमीचं घेऊन जात. एक बाई म्हणाल्या, "वाटाणे काय, घरी सोलतेच की मी." सासरे मिशीत हसत होते, ते वेगळंच.

दुपारी पोस्टमनकाका आले. पूर्वी दर रविवारी यायचे. हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मटण बंद केलं, आणि तेव्हापासून काका दारातूनच पत्रं टाकून, आत न बघता निघून जात. आज मात्र ते थेट आत आले.

"तुझ्या ट्रेबद्दल गल्लीत ऐकलं, डॉक्टरांना विचारून आलोय. हे चालेल म्हणाले. दे अर्धा किलो!"

मी आनंदाने सुरीच उचलली.

"तू नको गं," काका सासऱ्यांकडे मान वळवून म्हणाले. "आयुष्यभर याच्या हातचं नेलंय. हा कापणार असेल तरच नेतो."

झालं! सासरे सुरीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातली सुरी ओढून घेतली, तोंड वाकडं करूनच, आणि कापायला लागले. सराईत हात, एकसारखे तुकडे. कापून झाल्यावर त्यांनी एकेक तुकडा उचलून त्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. कपाळाला आठ्या, सगळं लक्ष अंगठ्यात. हाडाची कपची कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून ते हे नेहमीच करतात. घरच्या मटणालाही सूट नाही.

काका खो खो हसले. "अरे, वाटाण्याला हाड कुठलं?"

अंगठा थांबला. सासऱ्यांचे कान लाल झाले.

"माझ्या दुकानातलं मटण बोट फिरवल्याशिवाय जात नाही," ते गुरगुरले, आणि उरलेले तुकडेही तपासले.

मटण म्हणाले! मला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

काकांचं पुडकं बांधून झाल्यावर सासऱ्यांनी काचेची पेटी उघडली आणि कलेजीचं ताट बाजूला सरकवलं.

"बघत काय उभी राहिलीस? आण तो ट्रे."